हौदाभोवतीचं सुतळीचं गवत

माझ्या सासरी हरळीचं नुसतं नाव काढलं तरी मामाजींचं डोकं फिरायचं. मामाजी म्हणजे माझे सासरे. त्यांचं निम्मं आयुष्य काळ्या रानातली हरळी कुदळीनं खणून काढण्यात गेलेलं. आज खणावी, तर आठ दिवसांनी ती पुन्हा हजर. अशा माणसाच्या घरात मी, नवीनच आलेली सून, म्हणाले की हौदाच्या चारी बाजूंनी हरळी लावू या. मला कुणी ते सुचवलं नव्हतं. डोकं माझंच, आणि ते माझ्या ताब्यात कधीच नव्हतं.

हौदाचं आधी सांगते. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. आमचं गाव जालन्याहून अंबडकडं जाणाऱ्या रस्त्याला, आणि मामाजींची मोसंबीची बाग गावाला लागूनच. दुष्काळात विहीर खोल नेली होती, मग मोटार बसली, आणि विजेचा काही भरवसा नाही म्हणून पाणी साठवायला दगड-सिमेंटचा हौद बांधला. छातीभर पाणी, गुडघाभर उंच काठ, एका अंगाला आत उतरायच्या चार पायऱ्या. हौद भरला की पाटानं झाडांना पाणी जायचं.

मी गोदाकाठची. चालायला आणि पोहायला एकदमच शिकले असं आई सांगायची. आणि दिली कुठं, तर जिथं पाणी बघायचं म्हणजे घागरीत वाकून बघायचं. पहिल्या उन्हाळ्यात तो भरलेला हौद दिसला आणि माझा धीर सुटला. दुपारी गडी जेवून लवंडले होते. मी कासोटा कसला आणि धपकन आत. सासूबाई काठावर राखणीला बसल्या. त्यांना मी आत्याबाई म्हणायचे. पन्नाशीची बाई, किडकिडीत, दिवसभर चालत्या पायावर. सुनेचं खूळ म्हणून हसल्या असत्या, पण त्या टक लावून बघत होत्या.

मी पाठीवर पडून तरंगत होते. हात सोडलेले, डोळे मिटलेले. आत्याबाई म्हणाल्या, "मलाबी एकदा असं आडवं व्हायचंय."

मला वाटलं, गंमत करतात. पण त्या गंमत करत नव्हत्या. दिवसाउजेडी आडवी झालेली बाई म्हणजे आजारी बाई, असा आमच्याकडचा हिशेब. आत्याबाई बाळंतपणं सोडली तर दिवसा कधी लवंडलेल्या नव्हत्या. झोपायचं अंधारात आणि उठायचंही अंधारात. त्यांना पोहायचं नव्हतं, पलीकडच्या काठाला जायचं नव्हतं. त्यांना फक्त भर दुपारी, कुठं दुखतखुपत नसताना, आडवं व्हायचं होतं. मी तिथल्या तिथं शब्द दिला की आत्याबाई, हे मी करूनच दाखवते. शब्द द्यायला मला वेळ लागत नसे.

हौदाचा मामाजींचा एकच नियम होता, पाय धुऊन या. पायाला लागलेली माती पाण्यात जाते, तळाशी बसते आणि मग ती त्यांनाच फावड्यानं उपसावी लागते. त्यामुळं कुणीही हौदाच्या दिशेनं दोन पावलं टाकली की बागेच्या कुठल्यातरी कोपऱ्यातून आवाज यायचाच, "पाय धुऊन." गड्यांना, पाहुण्यांना, एकदा तर तलाठ्यालासुद्धा. पण खरी गंमत अशी की पाय धुवायचे पाटावर, आणि पाटापासून हौदापर्यंत दहा पावलं काळी माती. हौदाच्या सांडलेल्या पाण्यानं तिथं कायम राड. पाय धुऊन निघालेला माणूस हौदाशी पोचेपर्यंत आधीपेक्षा जास्त चिखलानं भरलेला.

त्याच राडीत आत्याबाई घसरल्या. उतरायचं म्हणून मनाचा हिय्या करून निघाल्या होत्या, काठाला हात लावणार तोच पाय सटकला. मनगट मुरगळलं, ते सुजून टम्म झालं. मामाजींनी हळद गरम करून स्वतः लेप लावला आणि फर्मान काढलं की आजपासून बायकांनी हौदाकडं फिरकायचं नाही. मला रडूच आलं. शब्द माझा, आणि हात मोडायची पाळी त्यांची.

मामाजी आणि मी समोरासमोर बोलत नसू. रीतच तशी होती. मी डोक्यावर पदर घेऊन दाराआड, ते ओसरीवर, आणि मधे आत्याबाई. मी म्हणायचे, "त्यांना म्हणावं, असं असं." त्यांना ते स्वच्छ ऐकू गेलेलं असायचं, तरी आत्याबाईंनी पुन्हा सांगितल्याशिवाय ते धरलं जात नसे. आणि आत्याबाई कुणाचाच निरोप जसाच्या तसा पोचवत नसत. पीठ चाळावं तसा चाळून द्यायच्या. घरात भांडण होत नसे ते या चाळणीमुळं.

तर मी हरळीचं काढलं. गवत असलं की राड नाही, घसरण नाही, पाय स्वच्छ. मामाजींचा तंबाखू मळणारा अंगठा थांबला. म्हणाले, "तिला सांग, आधी मला पुरा, मंग माह्यावर लावा हरळी."

आत्याबाई माझ्याकडं वळल्या. "इचार करतो म्हणले."

विचार कशाचा, कपाळाचा. मी दुसरे उपाय सुरू केले. फरशी ओली झाली की चिखलापेक्षा वाईट, ती बाद. गव्हाचं काड पसरून पाहिलं, तर ते वाऱ्यानं हौदात गेलं आणि पाइपाच्या तोंडात बसलं. मामाजी अर्धा दिवस तारेनं पाइप खरवडत होते आणि तोंडानं काय काय म्हणत होते ते मी दाराआडून सगळं ऐकलं. आत्याबाईंनी मला एवढंच सांगितलं की पाइप साफ झाला.

मार्ग सापडला तो जालन्यात. माझे मालक तिथं बँकेत कारकून होते, शनिवारी घरी यायचे. या हौदाच्या भानगडीत मला ओढू नका, असं त्यांनी दोन्हीकडं सांगून ठेवलं होतं. एकदा कसल्यातरी कागदावर सही पाहिजे म्हणून मला बँकेत नेलं. तिथं साहेबाच्या दाराशी काथ्याचं पायपुसणं होतं. मी पाय ठेवला, आणि काय सांगू, घसरणं बिलकुल नाही, माती खाली, पाय कोरडा. पुन्हा बाहेर गेले, पुन्हा आत आले. तिसऱ्यांदा शिपाई उठून उभा राहिला, तेव्हा मालकांनी माझा हात धरून मला बाहेर काढलं. घरी येईपर्यंत माझं सगळं ठरलं होतं. असंच एक पायपुसणं शिवायचं, फक्त हौदाएवढं.

माळ्यावर मिलोची पोती पडून होती. दुष्काळात रेशनवर परदेशातली तांबडी ज्वारी आली होती, तिला मिलो म्हणत. ती खाऊन लोकांनी दिवस काढले. पोती विरलेली, धान्य भरायच्या कामाची नाहीत, म्हणून मामाजींनी ती न्यायला हरकत घेतली नाही. आत्याबाईंनी एक पोतं झटकलं आणि मांडीवर घेतलं. म्हणाल्या, या पोत्यासाठी उन्हात उभं राहून पाय सुजले होते, आता याच्यावरच पाय ठेवीन. आणि मोठ्यानं हसल्या. तेव्हापासून ते काम एकट्या माझं राहिलं नाही.

शेजारची एक बाई आमच्यात आली. हिला मी शेजारीण म्हणूनच लिहिते, तोंडाची तिखट आणि हाताची जल्द. आम्ही दोन पोती एकावर एक ठेवून गोधडीसारखी टाचायचो. मग दाभणात दुहेरी सुतळी ओवून खालून वर काढायची, बोटभर फास ठेवायचा, पुन्हा खाली, पुन्हा वर. अशी ओळ पुरी झाली की कात्रीनं फास कापायचे. कापलेली टोकं पिंजून उभी राहायची आणि हाताला थेट गवतासारखी लागायची. आत्याबाईंचं उजवं मनगट अजून बांधलेलं, म्हणून त्या डाव्या हातानं कात्री चालवायच्या. रोज दुपारी दोन घंटे, असं महिना-सव्वा महिना चाललं. बोटांना घट्टे पडले. पण इतकं हसलो आम्ही त्या महिन्यात की शेजारणीचा नवरा एकदा बघायला आला, या बाया खातात तरी काय म्हणून.

सगळं शिवून झालं, अंगणात पसरलं, आणि शेजारीण म्हणाली, "हे तर मोंढा दिसून राह्यला." माझा जीवच गेला. पण खोटं नव्हतं ते. तपकिरी, खरबरीत, मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, असतं तसं नुसतं बारदान. मी म्हणाले, गवत म्हणजे हिरवं पाहिजे. मालकांकरवी जालन्याहून हिरव्या रंगाच्या पुड्या मागवल्या. दुकानदारानं त्यांना बजावून सांगितलं होतं की पाणी उकळायचं, मीठ टाकायचं आणि कापड त्यात शिजवायचं. आता त्या चटया मावतील एवढं भांडं आख्ख्या गावात नव्हतं. मी ठरवलं, गार पाण्यात कालवायचा आणि तांब्यानं वरून ओतायचा. आत्याबाईंनी मिठाचं विचारलं. मी म्हणाले, "आत्याबाई, भाजी करून राह्यलो का आपण?"

दोन दिवस कडक उन्हात वाळवल्यावर रंग असा खुलला की मी स्वतःवरच खूश झाले. मग अंथरायचं काम. हौदाभोवतीची काळी माती वीतभर उकरून काढली, माळावरून मुरूम आणून भरला, धुम्मस घेऊन तो ठोकला. त्याच्यावर चटया मांडल्या, जागेवरच एकीला एक शिवल्या, कडेला बारीक चर खणून काठ त्यात दाबले आणि बाभळीच्या खुंट्या मारल्या. तीन बाजू बराबर बसल्या. चौथीला चटई हातभर कमी. तेव्हा कळलं की गवंड्यानं हौदच तिरपा बांधलाय. बांधल्यापासून मामाजी चौकोनी म्हणून सांगत होते. ती फट आत्याबाईंनी वेगळा तुकडा शिवून भरली, नेमकी पायऱ्यांपाशी.

मामाजी आले. एक चक्कर मारली, दुसरी मारली. मग उकिडवे बसले, एक झुबका मुठीत धरला आणि हरळी उपटतात तसा हिसडा देऊन पाहिला.

"मूळ न्हाई ना याला?" त्यांनी आत्याबाईंना विचारलं.

"न्हाई."

"मंग राहू द्या. पण पाय धुऊन."

आम्ही त्याच दुपारी उतरलो. आत्याबाई त्या गवतावर आल्या आणि मधेच थांबल्या. तळपाय दाबून पाहिले, एकदा हा, एकदा तो. चेहऱ्यावर अशी खुशी, की मला वाटलं, ह्या आता पाण्यात नाही उतरल्या तरी माझे घट्टे वसूल झाले. पण त्या उतरल्या. चारही पायऱ्या. पाणी कमरेला, मग छातीला. तेवढ्यावर थांबलो, वर आलो, ओल्या पायांनी घरी गेलो.

संध्याकाळी मामाजी ओसरीवर चढले आणि जागीच थांबले. हिरवी पावलं. अंगणातून ओसरीवर, ओसरीवरून माजघरात, माजघरातून चुलीपाशी, तिथून देवापाशी. दोन माणसांची, येती-जाती. आम्ही आमचे तळपाय बघितले, तर पोपटासारखे. घासले, चिंच लावली, राख लावली. काही उपयोग झाला नाही. तिकडं शेजारणीच्या घरीही तोच गोंधळ. आणि हौदाच्या कडेकडेनं पाणी हिरवट झालेलं.

आता मामाजी खरेच चिडले. असलं रंगाचं पाणी माझ्या झाडांना जाणार नाही, म्हणाले. मी दाराआडून म्हणाले की त्यांना म्हणावं, पानं तशी हिरवीच असतात. हा निरोप आत्याबाईंनी पोचवलाच नाही. मामाजी चार दिवसांनी मोसंबी घेऊन जालन्याच्या बाजाराला जाणार होते. त्यांचा हुकूम घेऊन आत्याबाई आत आल्या, आणि तो त्यांनी पहिल्यांदाच न चाळता दिला. "बाजारातून येईस्तोवर हे उचललेलं पाह्यजे म्हणले."

म्हणजे आमच्या हातात चार दुपारी. गवत गेलं की पुन्हा राड, आणि राडीत आत्याबाई पुन्हा पाऊल टाकणार नाहीत हे मला ठाऊक होतं. त्यांनी मला दोष दिला नाही, याचंच मला जास्त लागलं. मी म्हणाले, गवताचं मरू द्या, तुम्हाला आडवं केल्याशिवाय मी ते उचलत नाही.

पहिल्या दुपारी त्यांनी काठ सोडला नाही. दुसऱ्या दुपारी काठ सोडला, पण पाय तळाचे उचलेनात. तिसऱ्या दुपारी मी त्यांच्या पाठीखाली हात दिला, त्या मागं झुकल्या, आणि पाणी कानात शिरताच ताडकन उठून उभ्या राहिल्या. पुन्हा, पुन्हा तसंच. मी वैतागले. मी त्यांच्यावर खेकसलेसुद्धा, सून असून, की कशाला घाबरता, छातीभर तर पाणी आहे.

त्या म्हणाल्या, बुडायची भीती न्हाई. कान पाण्यात गेले की काही ऐकू येत न्हाई. कुणी हाक मारली तर?

तीस वर्षं त्या बाईचे कान उघडे होते. नवऱ्याची हाक, पोरांची, गड्याची, गाईची, माझी. या घरात कुणाचाही आवाज त्यांच्या कानावरून गेल्याशिवाय दुसऱ्याला पोचत नव्हता. मग कान बंद करून त्या आडव्या होणार तरी कशा? मला माझ्या खेकसण्याची लाज वाटली.

चौथ्या दुपारी मामाजी बाजाराला गेलेले. संध्याकाळच्या आत येणार नव्हते. मी हौदात उतरले आणि आत्याबाईंना म्हणाले, "आज मी ऐकते. कुणीबी हाक मारली, तर ओ मी देते. निरोप घेऊन ठेवते. तुमी नुसत्या आडव्या व्हा."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग पाठ माझ्या हातावर टाकली. पाणी कानाला लागलं, त्यांचं अंग दचकलं, पण त्या उठल्या नाहीत. मी हात हळूहळू खाली घेतला. लुगडं हवेनं फुगलं, पाय आपोआप वर आले आणि ते दोन हिरवेगार तळपाय पाण्याच्या वर निघाले. काठावर बसलेली शेजारीण, जिच्या तोंडाला कधी टाळा नव्हता, तिनं तोंडावर हात ठेवला. आत्याबाईंचे डोळे मिटलेले होते. भर दुपार होती, ऊन तोंडावर होतं, आणि माझी सासू आडवी झाली होती. मला आनंदानं हुंदका आला, पण मी हललेसुद्धा नाही.

आणि तेवढ्यात हाक आली. "ऐकलं का?"

मामाजी. पाटाच्या अलीकडं उभे, काखेत गाठोडं, घामानं निथळलेले. माल लवकर उठला असणार. त्यांना हौदाच्या काठाच्या वर आत्याबाईंचे फक्त ते दोन तळपाय दिसत होते. "ऐकलं का?" त्यांनी पुन्हा हाक मारली, यावेळी आवाज फाटला. तीस वर्षांत त्यांना दुसऱ्या हाकेची कधी गरज पडली नव्हती.

शेजारीण झाडामागं पळाली. मी पाण्यातच डोक्यावर ओला पदर ओढला. समोर बोलायची रीत नव्हती. पण वचन दिलेलं होतं.

"मामाजी," मी म्हणाले. लग्न झाल्यापासून त्यांच्याशी बोललेला हा माझा पहिला शब्द. "आत्याबाई बऱ्या हायेत. त्यांचे कान पाण्यात हायेत. काय सांगायचं ते मला सांगा, मी निरोप देते."

मामाजी माझ्याकडं बघत राहिले. मग पाण्याकडं. त्यांना काय दिसलं असेल, कोण जाणे. तोंडावरची भीती जाऊन तिथं दुसरंच काही आलं. त्यांनी घसा साफ केला आणि नजर गाठोड्याकडं नेली.

"मीठ आणलंय म्हणावं," ते म्हणाले. "रंगवाल्याच्या दुकानी भांडायला गेल्तो. तो म्हणला, मीठ न्हाई टाकलं तर रंग कसा धरंल. खडेमीठ हाय. कालवून ओता म्हणावं."

म्हणजे गवत राहणार होतं. मी वाकून आत्याबाईंच्या खांद्याला हात लावला. त्यांनी डोळे उघडले आणि डोकं जरा वर केलं. कानातून पाणी गळालं. मी सांगितलं, ते आलेत, मीठ आणलंय. काही न चाळता, जसंच्या तसं.

आत्याबाई उठतील, पदर सावरतील, लगबगीनं पायऱ्या चढतील असं मला वाटलं. मामाजींनाही तसंच वाटलं असणार, कारण ते गवताकडं निघाले होते. पहिलं पाऊल त्यावर पडणार, एवढ्यात आत्याबाईंनी मान वळवून त्यांच्याकडं पाहिलं. हा निरोप दुसऱ्या कुणाचा नव्हता.

"अहो," त्या म्हणाल्या, "पाय धुऊन या."

एवढं बोलून त्यांनी डोकं पुन्हा मागं टाकलं आणि कान पाण्यात बुडवले. मामाजींनी गाठोडं खाली ठेवलं, वहाणा काढल्या आणि मागं वळून ते पाटाकडं गेले.